गल्ल्यावरचा माणूस

दिवाळीच्या आधीचा शनिवार. सॅन होजेतल्या एका मॉलमध्ये आमचे चिरंजीव, वय वर्षं तेरा, साठवलेल्या पैशांतून व्हिडिओ गेम घ्यायला दुकानात शिरले. मी आणि मामा बाहेर बाकावर बसलो होतो. पाच मिनिटांत स्वारी पाय आपटत परत आली. मागोमाग गल्ल्यावरचा पोरगेलासा विक्रेता गेमची डबी घेऊन दारापर्यंत आला. डबीच्या कोपऱ्यात काळ्या-पांढऱ्या चौकटीत 'एम' छापलेलं होतं. त्यावर बोट ठेवून त्यानं मला विचारलं, "हे तुम्हाला चालणार आहे का?"

मी डबी उलटून पाहिली. रक्तपात, हिंसा, शिवीगाळ, सगळं मिठाईच्या पुड्यावर जिन्नस छापावेत तसं ओळीनं छापलेलं. "नाही चालणार," मी म्हटलं. तो मान हलवून आत गेला. चिरंजीवांनी घर येईपर्यंत तोंड उघडलं नाही.

मामानं मात्र गाडीतच उघडलं. त्यानं साताऱ्याच्या कोर्टात चाळीस वर्षं वकिली केलेली. पट्टा लावता लावता पहिला प्रश्न आला, "कुठल्या कलमाखाली अडवलं गं त्यानं?"

"कुठल्याच नाही. दुकानाचा नियम आहे."

"कायदा नाही?"

"केला होता. लागू व्हायच्या आतच कोर्टात अडकला, आणि शेवटी सुप्रीम कोर्टानं रद्द ठरवला."

"बरं झालं," मामा म्हणाला. तिथून आमचं जे जुंपलं, ते रात्रीच्या जेवणानंतरही सुटलं नाही.

खरं तर बाजू उलट असायला हव्या होत्या. चौऱ्याहत्तरीच्या म्हाताऱ्यानं "काय ही हल्लीची पोरं" म्हणावं आणि वीस वर्षं अमेरिकेत राहिलेल्या भाचीनं स्वातंत्र्याचा झेंडा मिरवावा. पण मी हॉस्पिटलच्या लॅबमध्ये पाळीनं काम करते, नवरा महिन्यातले दहा दिवस फिरतीवर असतो, आणि संध्याकाळी चार ते सात या घरात एक मुलगा आणि एक पडदा यांच्याखेरीज कुणी नसतं. मला तो कायदा हवा होता.

"आधी कायदा काय होता ते नीट सांग," मामानं चिवड्याची वाटी पुढ्यात ओढली.

"२००५ चा. लीलँड यी नावाचे इथले आमदार होते, मूळचे बालमानसतज्ज्ञ. त्यांनी विधेयक आणलं, गव्हर्नर श्वार्झनेगर यांनी सही केली."

"तो टर्मिनेटरवाला? पडद्यावर बंदुका चालवून मोठा झाला, आणि सही पोरांच्या बंदुका काढून घेण्यावर?"

"हसू नकोस. अठरा वर्षांखालच्या मुलाला हिंसक गेम विकायचा नाही, भाड्यानं द्यायचा नाही. विकलास तर हजार डॉलरपर्यंत दंड. दंड विकणाऱ्याला, मुलाला नाही. आणि डबीवर किमान दोन इंच बाय दोन इंच आकाराचा, काळ्या कडेचा पांढरा '१८'."

"हिंसक म्हणजे?" मामाच्या आवाजात उलटतपासणी आली.

"ज्यात खेळणाऱ्याला माणसाच्या प्रतिमेला ठार मारायचं, जायबंदी करायचं, तिचे तुकडे करायचे, तिच्यावर लैंगिक अत्याचार करायचा, असे पर्याय मिळतात. शिवाय समंजस माणसाला ते मुलांच्या विकृत कुतूहलाला खतपाणी घालणारं वाटलं पाहिजे, समाजाच्या चालीला सोडून असलं पाहिजे, आणि मुलांच्या दृष्टीनं त्यात साहित्य, कला, राजकारण, विज्ञान यांतलं गंभीर मूल्य नसलं पाहिजे."

"समंजस माणूस!" मामानं मांडीवर थाप मारली. "चाळीस वर्षं कोर्टात मी त्याला शोधतोय. अजून भेटला नाही. अगं, दुकानदारानं हे गल्ल्यावर उभं राहून ठरवायचं? शंभर तास चालणारा गेम आधी पूर्ण खेळायचा, मग त्यातलं साहित्यमूल्य मोजायचं, मग गिऱ्हाइकाला मोड द्यायची?"

"न्यायमूर्ती स्कॅलियांनी सुनावणीत हेच विचारलं होतं. विकृत हिंसक गेम म्हणजे काय, मग सरळ हिंसक गेम कोणता?"

"बघ."

"बघ काय? अश्लील पुस्तकांची व्याख्या तरी कुठे वजनकाट्यावर होते? तरी १९६८ साली याच कोर्टानं न्यूयॉर्कचा कायदा उचलून धरला होता. सोळा वर्षांच्या मुलाला नग्न चित्रांची मासिकं विकली म्हणून दुकानदाराला झालेली शिक्षा कायम ठेवली. तिथे व्याख्या चालते, इथे मात्र अडते?"

मामा थोडा थांबला. मग त्यानं आपला आवडता मार्ग धरला, पुराणांचा. "आमची आजी जेवताना प्रल्हादाची गोष्ट सांगायची. उंबरठ्यावर बसून, मांडीवर घेऊन, नखांनी पोट फाडलं. आम्ही वरणभात खात ऐकायचो. भीमानं दुःशासनाचं रक्त प्यायलं ते ऐकलं. चौथीच्या पुस्तकात प्रतापगडचा कोथळा होता, आणि दिवाळीत तोच प्रसंग मातीच्या किल्ल्यावर मांडला. कुणाचं काय बिघडलं?"

"स्कॅलियांनीही असंच लिहिलंय. हॅन्सेल आणि ग्रेटेल चेटकिणीला भट्टीत ढकलतात, सिंड्रेलाच्या बहिणींचे डोळे कबुतरं फोडतात."

"म्हणजे त्यांची आजीही माझ्या आजीसारखीच."

"पण मामा, आजी शेजारी बसली होती ना? आणि नृसिंह होऊन पोट फाड असं तुला कुणी सांगितलं नव्हतं. इथे बटण पोराच्या अंगठ्याखाली असतं."

"सोंगं आम्हीही घेतली. लाकडी तलवारींनी डोकी फोडली एकमेकांची."

"डोकं फुटलं की रक्त येतं, समोरचा रडतो, त्याची आई भांडायला येते आणि खेळ थांबतो. इथे काही थांबत नाही. एकच खून चाळीस वेळा करायचा, नीट जमेपर्यंत. जमला की गुण, गुणांवर नवं हत्यार."

मामानं चिवड्यातला दाणा बराच वेळ चघळला. "हा मुद्दा बरा आहे," तो म्हणाला. "पण मुद्दा बरा असला म्हणून कायदा बरा होत नाही. आणि एक सांगतो, वय ही मोठी फसवी चीज आहे. माझ्या पासपोर्टावर १ जून १९५१ आहे ना? ती शाळेतल्या मास्तरांनी लिहिलेली. वर्गातल्या निम्म्या पोरांचा वाढदिवस १ जूनच. आई म्हणायची, तू श्रावणातला, पाऊस मी म्हणत होता. कागदावरचा मी आणि खरा मी, आमची गाठ कधीच पडली नाही."

मग आपणहून त्याला एक आठवण आली. "बारा वर्षांचा असेन. पेठेतल्या वाचनालयात बाबूराव अर्नाळकरांच्या रहस्यकथा यायच्या. झुंजार, काळा पहाड. खून, चोऱ्या, तळघरं. ग्रंथपाल त्या मागच्या कपाटात ठेवायचे. मी मागितली तर म्हणाले, तुझं कार्ड बालविभागाचं आहे, पलीकडे 'चांदोबा' बघ."

"आणि 'चांदोबा'त खांद्यावर प्रेत घेतलेला विक्रम."

"तेच तर! प्रेत चालतं, पिस्तूल चालत नाही. ही असली प्रतवारी कायद्यात आली की त्याचं हसं होतं." एवढं बोलून मामा झोपायला गेला.

पहाटे साडेचारला माझी रात्रपाळी संपली. घरी आले तर स्वयंपाकघरात दिवा. जेटलॅगनं झोप उडालेला मामा टॅब्लेटवर निकालपत्र उघडून बसला होता. शेजारच्या कागदावर मुद्दे काढलेले, खाली रेघा मारलेल्या. मी चहा टाकला.

"२७ जून २०११," त्यानं वर न बघता सुरुवात केली. "सात विरुद्ध दोन. नावं मजेदार आहेत. खटला गेला तेव्हा श्वार्झनेगर गव्हर्नर, निकाल लागला तेव्हा ब्राउन, म्हणून निकालावर नाव ब्राउन यांचं. आणि पहिली मनाई कुठल्या कोर्टानं दिली माहीत आहे? तुझ्या सॅन होजेच्या. २००५ च्या डिसेंबरात. म्हणजे तो दोन इंची '१८' सक्तीचा कधी झालाच नाही."

"मला सात जण सांगू नकोस. दोघांचं सांग."

"तेच सांगतो. विरोधी वकिलाचा कागद आधी वाचावा. ब्रायर म्हणतात, तेरा वर्षांच्या मुलाला नग्न बाईचं चित्र असलेलं मासिक विकायला बंदी, पण ज्या गेममध्ये तो त्याच बाईला बांधून, तोंडात बोळा कोंबून, छळ करून मारतो, तो गेम विकायला संरक्षण. यात कसली संगती?"

"या प्रश्नाला तुझ्या सात जणांनी काय उत्तर दिलं?"

मामानं चष्मा काढून पुसला. कोर्टात वेळ काढताना तो हेच करत असणार. "परंपरा. नग्नता मुलांपासून लपवायची परंपरा या देशात आहे, हिंसा लपवायची नाही. उत्तर कायद्याला धरून आहे. बाप म्हणून मला ते पटत नाही."

"लिहून दे."

"थांब, पुढचं ऐक. राज्यानं मानसशास्त्राचे अभ्यास पुढे केले. हिंसक गेम खेळल्यावर मुलं थोडी जास्त आक्रमक वागतात, वगैरे. पण ज्या प्राध्यापकांवर त्यांची सगळी भिस्त होती, त्यांनीच कबूल केलं होतं की बग्ज बनीची कार्टून पाहिल्यावर किंवा नुसतं बंदुकीचं चित्र पाहिल्यावरही परिणाम साधारण तेवढाच दिसतो. मग बग्ज बनीवरही '१८' लावा! असा साक्षीदार माझ्यासमोर आला असता तर मी अर्ध्या तासात घरी गेलो असतो."

"सातांतल्या सगळ्यांनाही हे इतकं सोपं वाटलं नव्हतं. ॲलिटो आणि सरन्यायाधीश रॉबर्ट्स?"

"हो, त्या दोघांनी शिक्का एकाच बाजूला मारला, कारण वेगळं दिलं. कायदा मोघम आहे म्हणून रद्द करा, पण हे नवं तंत्र पुस्तकासारखंच आहे असं घाईनं म्हणू नका. मला ते शहाणपणाचं वाटलं. आणि सगळ्यात गंमत इथे आहे." त्यानं कागदावरच्या दुहेरी रेघेवर बोट ठेवलं. "मुलाला गेम द्यायला कुणाकुणाला सूट होती? आईबाप, आजी-आजोबा, पालक, आणि 'आंट-अंकल'. इंग्रजीत काका, मामा, मावशीचा नवरा, आत्याचा नवरा, सगळे एकाच पोत्यात. स्कॅलिया विचारतात, वस्तू एवढी घातक आहे, तर मामा 'हो' म्हणाला की निर्धोक कशी होते?"

"म्हणजे या घरात सूट तुला होती."

"छे. मी तुझा मामा, त्याचा नव्हे. कायदा काटेकोर वाचला तर मी बाद." हे सांगताना त्याला झालेला आनंद पाहून मलाही हसू आलं.

पण मी सोडणार नव्हते. "मामा, कालचा तो पोरगा अडवायला उभा राहिला तो कशामुळे? १९९३ साली वॉशिंग्टनमध्ये सिनेटरांनी 'मॉर्टल काँबॅट' या गेमवर सुनावणी घेतली. तेव्हा एका कंपनीनं त्यातल्या रक्ताचा करडा घाम करून टाकला होता, दुसरीनं रक्त गुप्त बटणांमागे ठेवलं होतं. ते बटणांचं गुपित शाळेच्या पटांगणात सगळ्यांना पाठ. सिनेटरांनी दम दिला, तुम्ही करा नाहीतर आम्ही करतो. मग १९९४ साली उद्योगानं स्वतःचं मंडळ काढलं आणि डब्यांवर 'टी', 'एम' आलं. म्हणजे धाक कायद्याचाच."

"आणि कायदा न येताच काम झालं."

"झालं का? इथला व्यापार आयोग अल्पवयीन मुलांना मुद्दाम दुकानांत पाठवून पाहायचा. २००० साली शंभरातल्या ८५ मुलांना 'एम'चा गेम बिनदिक्कत मिळाला."

"आणि २०११ साली, निकालाच्या वर्षी? फक्त १३ जणांना. सिनेमाच्या डीव्हीडी आणि गाण्यांच्या सीडी याहून सहज मिळत होत्या. आकडे माझ्याकडेही आहेत."

आम्ही दोघं एकाच आकड्याच्या दोन टोकांना धरून ओढत होतो. ती घसरण मला धाकाची वाटत होती, त्याला शहाणपणाची.

"धाक असावा," मामा जरा नरमला. "पण धाक खाली उतरतो कसा ते मी पाहिलंय. २०१९ च्या मार्चमध्ये राजकोटला पबजीवर बंदी आली. पोलिसांनी कुणाला धरलं? खेळणाऱ्या पोरांना. विकणारा, बनवणारा दूर कुठेतरी. पुढे २०२० साली केंद्रानं तो गेम बंद केला तो देशाच्या सुरक्षेसाठी, मुलांसाठी नव्हे. आणि आपल्याकडे १९५६ चा एक कायदा आहे, कोवळ्या वयाच्या वाचकांना अपायकारक प्रकाशनांचा. गुन्हे, हिंसा, क्रौर्य दाखवणारी चित्रकथांची पुस्तकं विकली तर सहा महिन्यांपर्यंत कैद. वीस वर्षांखालचा तो 'तरुण'. तेव्हा अमेरिकेत कॉमिक्सचा धसका घेतला होता, त्याची लाट ब्रिटनमार्गे आपल्यापर्यंत आली. चाळीस वर्षांत मी त्या कलमाखाली एक खटला पाहिला नाही."

"जर्मनीत गेमचा वयोगट पाळणं दुकानांना बंधनकारक आहे. ब्रिटनमध्ये बारा वर्षांखालच्या मुलाला बाराचा गेम विकणं गुन्हा आहे. तिथलं स्वातंत्र्य बुडालं नाही."

"ब्रिटन! त्यांचा १९८४ चा व्हिडिओंचा कायदा. ब्रुसेल्सला कळवायचा राहून गेला होता म्हणून तो अंमलात आणण्याजोगाच नव्हता, हे त्यांना २००९ साली कळलं. पंचवीस वर्षं सगळे निमूट पाळत होते. पुन्हा संमत करावा लागला."

"मग? सगळे पाळत होते, हेच महत्त्वाचं ना? दुकानदाराला वाटत होतं की माझ्या मागे कुणीतरी उभं आहे. मला तेवढंच हवंय, मामा. संध्याकाळी चार ते सात मी घरी नसते. न्यायमूर्ती म्हणतात, पालक आहेत की. कुठे आहेत? कामावर आहेत."

मामा बोलला नाही. चहा निवत होता.

"आणि वारं फिरलंय," मी पुढे म्हटलं. "गेल्या जूनमध्ये याच कोर्टानं टेक्सासचा कायदा मान्य केला. प्रौढांच्या संकेतस्थळांवर वयाचा पुरावा मागण्याचा. निकाल लिहिला थॉमस यांनी. ब्रायर यांच्याबरोबर विरोधात गेलेले दुसरे तेच. आणि तारीख माहीत आहे? २७ जून २०२५. तुझ्या निकालाला त्या दिवशी चौदा वर्षं झाली."

"पण तो लैंगिक मजकुरापुरता आहे. हिंसेची रेघ तिथेच आहे. ब्रायर यांचा प्रश्नही तिथेच आहे." मग तो जरा थांबून म्हणाला, "वाचनालयाची गोष्ट मी काल अर्धीच सांगितली."

"म्हणजे?"

"दुसऱ्या दिवशी वडिलांचं कार्ड घेऊन गेलो. म्हटलं, बाबांनी मागवलंय. ग्रंथपालांनी माझ्याकडे पाहिलं, कार्डाकडे पाहिलं, नोंदवहीत वडिलांचं नाव लिहिलं आणि पुस्तक दिलं. आमचे वडील आयुष्यात गीतारहस्याखेरीज काही वाचत नव्हते, हे सगळ्या पेठेला माहीत. संध्याकाळी ते फिरायला गेले तेव्हा ग्रंथपालांनी रस्त्यात गाठून सांगितलं. रात्री वडील माझ्या अंथरुणाशी येऊन बसले. म्हणाले, झुंजार पुढे काय करतो? मी घाबरत सांगितलं. ते ऐकत बसले. म्हणाले, उद्या पुढचं सांग."

बाहेर उजाडायला लागलं होतं. मी फोन हातात घेतला तो वेळ पाहायला. वर एक मेल आला होता. खरेदीबद्दल धन्यवाद. काल दुकानात नाकारलेला तोच गेम, रात्री अकरा वाजून बारा मिनिटांनी डाउनलोड झालेला. पैसे माझ्या कार्डातून. वर्गणीसाठी ते कधीतरी टीव्हीखालच्या गेमच्या खोक्यात भरून ठेवलं होतं.

डबी नाही, डबीवरचा 'एम' उलटून पाहायला कुणी नाही. मी खोका चालू केला. चिरंजीवांचं जुनं खातं होतं, त्याखाली महिन्यापूर्वी उघडलेलं आणखी एक. खातेदाराची माहिती उघडली. जन्मतारीख : १ जून १९५१.

मामाच्या व्हिसाचा फॉर्म भरताना चिरंजीव माझ्याशेजारी बसून टाइप करत होते.

मी पडदा मामाकडे वळवला. त्यानं चष्मा चढवला, तारीख वाचली आणि आधी हसला. मग हसणं ओसरलं.

"त्यानंही वडीलधाऱ्याचंच कार्ड नेलं," तो म्हणाला. मग टीव्हीखालच्या त्या काळ्या खोक्याकडे बोट करून त्यानं विचारलं, "आमच्या ग्रंथपालांनी माझ्या वडिलांना रस्त्यात गाठून सांगितलं होतं. यानं तुला काय सांगितलं?"

"किंमत," मी म्हटलं.